बुंध्याचा घेर

गेल्या शनिवारी मी माझ्याच अंगणात, माझ्याच पैशाने घेतलेली करवत हातात धरून, रंगेहाथ पकडला गेलो.

गुन्हा एका फांदीचा. आमच्या एल्डर नावाच्या झुडपाची ही फांदी रात्रभर बाथरूमच्या खिडकीवर टकटक करते. सांगलीहून आलेली आई पहिल्या रात्री म्हणाली, "अरे, कोणीतरी आलंय बघ." दुसऱ्या रात्रीपासून ती रामरक्षा म्हणून झोपायला लागली. समोर चर्चचं आवार, त्यात शेवाळलेली थडगी. तिची तरी काय चूक?

करवत फांदीला टेकते न टेकते तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "धाडसी आहात हं तुम्ही!"

इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या या खेड्यात नऊ वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं, की 'धाडसी' म्हणजे मूर्ख, 'इंटरेस्टिंग' म्हणजे भिकार, आणि 'मी काही बोलणार नव्हतो' म्हणजे आता अर्धा तास गेला.

"मी काही बोलणार नव्हतो," ते म्हणाले.

मोहरीच्या रंगाची कॉर्डरॉय, चिखलाचे बूट, सोबत सुखवस्तू लॅब्रॅडोर. आम्ही घरात त्यांना तलाठी म्हणतो. गावातला कुठला दगड कुठल्या साली हलला, हे त्यांना पाठ आहे.

"हा कॉन्झर्व्हेशन एरिया आहे, माहीत असेलच तुम्हाला." म्हणजे गावाचं जुनं रूप जपण्यासाठी राखलेला भाग.

"आहे. पण हे झाड नाही हो, झुडूप आहे."

"ते बुंधा ठरवेल."

नियम असा, की जमिनीपासून दीड मीटरवर बुंधा 75 मिलिमीटरहून जाड असेल, तर फांदीला हात लावण्याआधी सहा आठवडे कौन्सिलला कळवायचं. तलाठी टेप आणायला घरी गेले. जाताना कुत्रा माझ्यापाशी ठेवून गेले. मी पळून जाईन असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे, पण कुत्रा त्या वीस मिनिटांत डोळ्याला डोळा भिडवून बसला होता.

टेप आली ती त्यांच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातली. मग वाद, की दीड मीटर मोजायचं ते उताराच्या वरच्या बाजूने की खालच्या? मध्यावर तडजोड झाली. तलाठ्यांनी बुंध्याला टेप गुंडाळली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"दोनशे पस्तीस! तिपटीहून जास्त!"

"तो घेर झाला. व्यास नव्हे."

शांतता. कुत्र्याने जांभई दिली. मग मी फोन काढून 235 ला पायने (π) भागलं. 74.8.

"तीनने भागलं तर अठ्ठ्याहत्तर येतात," तलाठी म्हणाले.

पायची किंमत तीन! गाव जुनं आहे हो, पण इतकं नाही.

तसं जुनेपणाबद्दल इथे काही बोलायची सोय नाही. गावाची नोंद 1086 च्या डोम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत आहे, हे मला नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानेसुद्धा सांगितलं. थडग्यांवरची आडनावं आणि पबमधली आडनावं तीच. आम्ही नऊ वर्षांनीही 'नवीन कुटुंब'. घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, म्हणून खिडक्यांच्या डबल ग्लेझिंगला, म्हणजे दुहेरी काचेला नकार, म्हणून हिवाळ्यात आमचा हीटर चिमण्यांना ऊब देतो. गॅसची लाइन गावात आलेलीच नाही. हीटर चालतो तो रॉकेलवर, किमान 500 लिटर मागवावं लागतं. आजी सांगलीत डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत उभी राहायची. तिचा शिकलेला नातू इंग्लंडात टँकरची वाट बघतो. प्रगती!

आणि खरं सांगू? राग फांदीचा नाही. बस रोजची होती, ती आठवड्यातून दोनदा झाली, तेव्हा कुणी टेप घेऊन धावलं नाही. इथेच वाढलेली पोरं घरं परवडत नाहीत म्हणून निघून गेली, त्यांचा घेर कुणी मोजला नाही. पॅरिश कौन्सिल म्हणजे 1894 च्या कायद्याने आलेली इथली ग्रामपंचायत. तिच्या सभेत बसबद्दल बोलायला मला तीन मिनिटं मिळाली होती. त्यातली दीड माझं आडनाव उच्चारण्यात गेली. नंतर बाकावर मऊ गादी असावी का यावर पाऊण तास चर्चा रंगली.

असो. तलाठ्यांनी टेपची नीट गुंडाळी केली. "सुटलात," ते म्हणाले, आणि फाटकापाशी वळून, "अजून वाढतंय मात्र."

तोवर साडेचार वाजून अंधार पडला होता, पाऊसही आला. करवत शेडमध्ये गेली. उद्या बघू म्हटलं, रविवारी मात्र काही झालं नाही, आणि सोमवारपासून ऑफिस.

काल चर्चजवळच्या फलकावर पुढच्या सभेची विषयपत्रिका लागली. विषय सहावा: 'वृक्ष. नवीन रहिवाशांना स्मरण.'

आज सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात गेलो, तर एल्डरच्या बुंध्यावर, बरोब्बर दीड मीटरवर, खडूची पांढरी रेघ होती.