जिना मोकळा ठेवू नका

इमारतीला आग लागली तर लिफ्टच्या नादी न लागता जिन्याने खाली उतरा, असं अग्निशमन दलाचे लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत. त्यांचं काय जातंय सांगायला! कोथरूड-बाणेरात चौरस फुटाला काय भाव चाललाय, ते तुम्हाला विचारा म्हणावं. एवढे पैसे मोजून घर घेतल्यावर दाराबाहेरची फुकटातली जागा मोकळी ठेवणं हा शुद्ध अव्यवहारीपणा आहे. ताबा घेतल्या दिवशीच ती अडवा.

सुरुवात चपलांच्या रॅकने करा. चपला घालताना टेकायला म्हणून वर फोमची गादी, तिला रेक्झिनचं कव्हर, आत रबरी स्लिपरा आणि मुलांचे बूट. प्लाय, फोम, रेक्झिन आणि रबर एवढं एका जागी असलं की काळ्याकुट्ट विषारी धुराची सगळी सोय होते. समोरच्या काकूंनी नाक मुरडलं, तर रॅकवर मनीप्लांट ठेवून द्या. झाडाला सहसा कुणी नावं ठेवत नाही.

रॅक पचला की पुढचं सामान आणा. मुलाची तिसरीतली सायकल रेलिंगला साखळीने बांधून ठेवा. तो आता बंगळूरला नोकरीला असला म्हणून काय झालं, ‘कुणाला तरी देऊन टाकू’ हा विचार तुम्ही अजून सोडलेला नाही. तिच्यामागे कूलर. कूलरवर थर्माकोलचं मखर, २०१८ च्या बंदीच्या आधीचं, आता बाजारात मिळत नाही म्हणून जास्तच जपलेलं. उरलेल्या पायऱ्यांवर रद्दी, कारण रद्दीवाला सध्या भाव बरा देत नाही. पाव्हण्यांना वर येताना थोडं तिरकं व्हावं लागेल. होऊ देत. रात्री अडीच वाजता दिवे गेलेले असताना अंधारात सातव्या मजल्यावरून आजींना धरून उतरवतानाही तिरकंच व्हायचंय, तेवढीच सगळ्यांना सवय.

जिन्याच्या तोंडाशी एक जड दार असतं. आग लागली तर धूर जिन्यात शिरू नये आणि लोकांना उतरायला वेळ मिळावा, यासाठी ते मुद्दाम आगीत टिकणारं बनवलेलं असतं आणि आपोआप बंद होतं. हेच तर दुखणं आहे. हातात दुधाच्या पिशव्या असल्या की ते नेमकं खांद्यावर आपटतं. एक वीट घ्या आणि दाराला लावून टाका. वारा छान येतो. वारा येतो त्याच वाटेने धूरही येतो आणि मग अख्खा जिना धुराड्यासारखा खालून वर धूर ओढत राहतो, पण ते कधीतरी. खांदा मात्र रोज दुखतो.

आता तळमजला. मीटर रूम बहुतेक जिन्यालगत असते, तेव्हा तिच्यात वॉचमनची गादी, रंगाचे उरलेले डबे आणि गणपती मंडळाचं कापड ठेवायला हरकत नाही. शेजारी पार्किंगमध्ये विजेवरची स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावा. त्यासाठी वेगळी वायर, एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) असले खर्च कशाला, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडला की झालं. लिथियम-आयन बॅटरी पेटली की एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जाते आणि विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा भडकते. अशी चिवट वस्तू जिन्याच्या अगदी पायथ्याशीच हवी.

तुमची इमारत नव्या धर्तीची असेल तर छताला धूर ओळखणारी यंत्रं असतील. बिल्डरच्या रंगाऱ्याने त्यांच्यावर लावलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढू नका. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीत त्या काढल्या. पाचव्या मजल्यावर दार उघडं ठेवून भरतासाठी वांगी भाजायला घेतली आणि भोंगा वाजला. सगळी इमारत गॅलरीत आली, वांगं आहे हे कळलं, आणि त्या संध्याकाळी कमिटीने एकमताने भोंग्याची वायर काढून टाकली. त्या सोसायटीच्या इतिहासातला एकमताने झालेला तो एकमेव ठराव असावा.

२४ मीटरपेक्षा उंच टॉवरात रेफ्यूज एरिया नावाचा एक मोकळा भाग असतो. जिन्याने उतरणं शक्य नसेल तर लोकांनी तिथे थांबावं आणि दलाने तिथून त्यांची सुटका करावी, अशी कल्पना. तिथे टेबल टेनिसचं टेबल छान बसतं.

कागदपत्रांत मात्र हयगय नको. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावं लागतं. ही जबाबदारी बिल्डरची नाही, मालकाची आणि राहणाऱ्याची, म्हणजे तुमची. एजन्सी निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘साहेब, यावं लागेल का?’ जो ‘नको, फोटो पाठवा’ म्हणेल तो आपला माणूस. आला तर तो उगाच लाल पेटी उघडणार, आतल्या होजचं, म्हणजे पाणी मारायच्या पाइपाचं, पितळी नोझल कधीच भंगारात गेल्याचं बघणार, पंपाचा स्विच ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर का केलाय म्हणून विचारणार. आग विझवायच्या सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की लाल, हेही त्याला बघायचं असतं. तुम्ही बघू नका. ती पिन कशी ओढायची, नळी ज्वाळेकडे धरायची की ज्वाळेच्या बुडाशी (बुडाशी), असल्या गोष्टी ऐन वेळी शिकण्यात गंमत आहे. लहान सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, त्यामुळे अभ्यासक्रमही छोटा.

एवढी तयारी झाली की आगीची वाट बघायची.

कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून वर झाकण ठेवणं, हे फार साधं झालं. तांब्याभर पाणी ओता. पाण्याची क्षणात वाफ होते, तेल उसळतं आणि ज्वाळा थेट छताला भिडते. मग बाहेर पळताना स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊ नका. बंद दार आगीची हवा तोडतं आणि धूर अडवतं, म्हणजे शेजाऱ्यांना काही कळायलाच नको.

त्यानंतर व्हॉट्सॲप ग्रुप. १०१ वर फोन लावलात तर ते पत्ता, मजला, कोण अडकलंय असे प्रश्न विचारतात. ग्रुपवर तसलं काही नाही. ‘धूर कुठून येतोय?’ असं टाका. बी-विंगमधून ‘आमच्याकडे नाही’ येईल. सुप्रभातवाल्या काकांचं गुलाबाचं फूल येईल, ते रोजच्या वेळेला येतं, त्याला इलाज नाही. सातव्या मिनिटाला कुणीतरी विचारेल, ‘१०१ चा नंबर आहे का कुणाकडे?’

तुम्ही तोवर दार सताड उघडून बघा. आधी हाताच्या मागच्या बाजूने दार तापलंय का चाचपणं भित्र्यांचं काम. बाहेर धूर दाटला असेल तर आतच राहून दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबावेत आणि खिडकीशी जाऊन हाका माराव्यात, असं जाणकार म्हणतात. पण घरचे टॉवेल खराब होतात. धुरातून जावंच लागलं तर ताठ मानेने चाला. खाली वाकून, रांगत गेलं तर जमिनीलगत जरा बरी हवा मिळते खरी, पण शेजारी बघतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे त्याची काळजी करायची म्हटलं तरी कशी करणार? खिडकीला पक्की ग्रिल आणि कबुतरांची जाळी तुम्हीच बसवली आहे. ग्रिलमध्ये उघडणारा, कुलपाचा भाग ठेवायला मिस्त्री जास्तीचे पैसे मागत होता. तुम्ही ते वाचवलेत.

बंब येईपर्यंत गेटच्या आत दोन्ही बाजूंना गाड्या असतीलच. पाहुण्यांसाठी पार्किंग नाही अशी पाटी लावली म्हणून पाहुणे थांबत नाहीत, ते फक्त बंबाच्या जागेत लावतात. जवान गाड्यांमधून पाइप ओढत आत शिरले की त्यांच्या आजूबाजूला उभे राहून सूचना द्या. ‘अहो, शिडी तिकडून लावा’ हे वाक्य पुणेकराच्या तोंडी आपसूक येतं.

सगळं निभावलं, तर महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा लागेल. गणसंख्या भरणार नाही, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा सुरू होईल. एखादा तरुण, बहुधा भाडेकरू, उठून जिन्यातल्या सामानाचा विषय काढेल. त्याला आधी भाडेकरूंना बोलायचा अधिकार नसल्याची आठवण करून द्या. तरीही विषय पुढे सरकायला लागला, तर शांतपणे म्हणा, ‘ते बघूच हो, पण सी-विंगवाल्यांच्या दुसऱ्या गाडीचं काय ठरलं?’ रात्री साडेदहापर्यंत आगीचं नाव निघणार नाही.