एक भोक जास्तीचं

कानाच्या पाळीला भोक असलं की बाई घरंदाज आणि तेच भोक बोटभर पुढे सरकलं की बाई हाताबाहेर गेली, हा नियम कुठे लिहिलेला नाहीये पण सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी ट्रेगस टोचून घेतला. ट्रेगस म्हणजे कानाच्या तोंडाशी दारवानासारखा उभा असतो ना तो छोटासा कूर्चेचा तुकडा, तो. त्यात टाचणीच्या डोक्याएवढा एक खडा. चाळिशी पार केलेली, कमावती, वेळच्या वेळी कर भरणारी बाई स्वतःच्या पैशाने स्वतःचा एवढासा तुकडा टोचते, यात बातमी काय आहे? पण झाली. आधी बातमी झाली, मग चर्चा झाली आणि मग सगळे धर्मावर आले.

पहिला नंबर सासूबाईंचा. "देवाने दिलेलं शरीर आहे, त्याला भोकं कशाला पाडायची?" आता त्यांचे दोन्ही कान टोचलेले, नाक टोचलेलं, आणि हे वाक्य बोलताना नाकातली चमकी अशी काही लकाकत होती की माझं बोलण्याकडे लक्षच लागेना. म्हटलं, आई, मग तुमचं नाक? तर म्हणाल्या, "ते वेगळं."

संपलं. पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, बऱ्याच जणांशी वाद घातले, पण "ते वेगळं" याच्या पलीकडे कुणी फारसं गेलेलं मला तरी दिसलं नाही. सोळा संस्कारांत कर्णवेध चक्क एक संस्कार आहे. म्हणजे नीट बोलताही न येणाऱ्या पोराला मांडीवर घट्ट धरायचं, कान टोचायचे, ते बोंबलतं, भोवतीचे सगळे हसतात, फोटो काढतात. तिथे संमतीचा प्रश्न नाही. आणि मी स्वतःची संमती स्वतः दिली तर तो आगाऊपणा.

ऑफिसात एक मैत्रीण आहे, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी, तिने तर थेट बायबलच उघडलं. लेवीय 19:28, मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेऊ नका, अंगावर खुणा गोंदवू नका. म्हटलं दाखव. दाखवलं. पण मला सवय वाईट, मी वरची ओळही वाचली. 27 मध्ये लिहिलंय दाढीच्या कडा छाटू नका, आणि आणखी जरा वर, 19 मध्ये, दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगात घालू नका. तिचा नवरा रोज गुळगुळीत दाढी करतो आणि ती स्वतः त्या दिवशी कॉटन-पॉलिएस्टरमध्ये बसलेली. म्हणाली अगं ते जुन्या करारातलं आहे, आता लागू नाही. मग 28 कसं लागू? ते वेगळं. शिवाय त्यात टोचण्याबद्दल अक्षरही नाहीये, उलट उत्पत्तीच्या 24व्या अध्यायात अब्राहामाचा सेवक रिबेकाला अर्ध्या शेकेल वजनाची सोन्याची नथ घालतो आणि कुणी हूं की चूं करत नाही. निर्गमच्या 21व्या अध्यायात तर ज्या गुलामाला सुटका नकोय त्याला दाराशी उभं करून मालकाने आरीने त्याचा कान टोचायचा, की झाला तो कायमचा त्या घरचा. हे वाचल्यावर मी संध्याकाळी आमच्या घराच्या दाराकडे आणि मग नवऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

आणि गंमत म्हणजे ज्या धर्मात ही गोंदवू नका वाली ओळ आहे त्याच धर्माचे भाविक शेकडो वर्षं जेरुसलेमच्या यात्रेला जाऊन हातावर क्रॉस गोंदवून येतायत. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा क्रॉस गोंदवतात, तो त्यांच्या श्रद्धेचा पुरावाच. ज्यूंमध्ये टॅटूवाल्याला ज्यू दफनभूमीत जागा मिळत नाही असं लाखो लोक छातीठोक सांगतात, प्रत्यक्षात असा नियमच नाही, पण पोराला धाक दाखवायला नियम असावाच लागतो असं थोडंच आहे. इस्लाममध्ये बहुतेक सुन्नी विद्वान टॅटूला हराम मानतात, बायकांचे कान टोचायला सहसा हरकत नसते, पुरुषांनी टोचला तर असते, आणि शियांमधले काही मोठे धर्मगुरू टॅटूलाही हरकत घेत नाहीत. शिखांच्या रहत मर्यादेत, म्हणजे त्यांच्या आचारसंहितेत, दागिन्यांसाठी नाक-कान टोचायलाच मनाई आहे. मला खरं सांगू, हे त्यातल्या त्यात सुटसुटीत वाटलं. निदान वरचं-खालचं, पुढचं-मागचं मोजत बसायला नको.

मोजण्यात मॉर्मन चर्चचा, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचा, हात कुणी धरणार नाही. 2000 साली त्यांच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं की टॅटू नकोत, उपचाराचं कारण नसेल तर अंग टोचणं नको, पण बायकांच्या कानातल्या एका जोडीबद्दल आमचं काही म्हणणं नाही. एक जोडी! मी तर हिशोबाने दीड जोडी होते. दीडला काय करायचं?

बौद्धांचं तरी एकमत असेल म्हटलं तर तिथेही बोंब. थायलंडमध्ये भिक्षू स्वतःच्या हाताने सक यंत नावाचे पवित्र टॅटू गोंदवतात, मंत्र म्हणून, वर वागायचे नियम सांगून. आणि 2014 मध्ये श्रीलंकेत विमानातून उतरलेल्या एका ब्रिटिश बाईला दंडावर बुद्धाचा टॅटू आहे म्हणून धरलं, डांबलं आणि परत पाठवलं. ती बिचारी स्वतः बौद्ध धर्म मानणारी. 2017 मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने तिला नुकसानभरपाई द्यायला लावली ते सोडा, पण मुळात भक्तीने काढलेल्या चित्राला अपमान ठरवायला अधिकारी किती तत्पर असतात बघा.

आता तुम्ही म्हणाल देवाधर्माची माणसं अशीच. तर आमच्या काकांना भेटा. काका पक्के नास्तिक. देव नाही, आत्मा नाही, पुनर्जन्म नाही, पण टॅटूचा विषय निघाला की काकांपुढे कुठलेही धर्मगुरू फिके. त्यांचं ऐकून घ्यावं लागतं कारण अर्धं बरोबर असतं, अस्वच्छ सुईतून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतो हे खरंच आहे, त्यावर मी मान हलवते. पण मग ते "हे सगळं आजकालचं फॅड" वर आले. म्हटलं काका, 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात तो ओत्झी नावाचा गोठलेला माणूस सापडला ना, सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा, त्याच्या अंगावर 61 टॅटू आहेत आणि कानाच्या पाळ्यांची भोकं चांगली ताणून मोठी केलेली आहेत. काका म्हणाले, "आणि शेवटी मेलाच ना?" अहो बाण लागून मेला!

"म्हातारपणी कसं दिसेल ते?" हा काकांचा हुकमी एक्का. कातडी लोंबल्यावर माझं बाकी सगळं कसं दिसणार आहे याची चिंता कुणालाच नाही, फक्त खड्याची.

पण सगळ्यात मोठा धक्का मला जिच्याकडून सहानुभूतीची खात्री होती तिने दिला. माझी एक मैत्रीण आहे, दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत चित्रांनी भरलेले, मानेवर पक्षी, घोट्यावर वेल. तिने माझा ट्रेगस बघितला, गोड आहे म्हणाली, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या जिभेतला मणी दिसल्यावर माझा हात दाबून कुजबुजली, "शी! जिभेत? लोकांना कुठे थांबायचं कळतच नाही बाई." म्हणजे प्रत्येकाची लक्ष्मणरेषा स्वतःच्या शेवटच्या भोकाच्या बरोब्बर एक इंच पुढे असते. माझीही असणार, मी शोधायला गेले नाही.

तेवढ्यात भाच्याने जाहीर केलं की त्याला पोटरीवर देवाचा टॅटू हवाय. पोटरीवर! देव कमरेच्या खाली चालत नाही म्हणून सासूबाई उठल्या, देवच कशाला म्हणून काका उठले. घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या दोघांचं एका मुद्द्यावर जुळलं आणि भाच्याला दंडावर आणून सोडण्यात आलं. मग साइज कमी झाला, मग फुल शर्टात झाकला जाईल असा करायचा ठरला, मग चेहरा नको नुसतं चिन्ह काढ. आता तो म्हणतोय राहू दे, मी त्यापेक्षा डोंगर काढतो.

आणि हे सगळं मला ऐकावं लागतंय, याचं कारण माझाच ट्रेगस. पाळीचं भोक सहा-आठ आठवड्यांत बरं होतं, कूर्चेला रक्तपुरवठा कमी म्हणून तिला सहा महिने, कधीकधी वर्षही लागतं, आणि तोपर्यंत त्या कानात इयरबड घालायचा नाही! त्या कुशीवर झोपायचं नाही, टॉवेल जपून, फोन उलट्या कानाला, सलाइनने पुसायचं. हात लावायचा नाही, फिरवायचं तर मुळीच नाही. यावर मात्र सगळ्या धर्मांचं आणि काकांचंही एकमत, की "फिरवत राहा, नाहीतर चिकटेल." टोचणाऱ्या मुलीने तीन-तीनदा बजावलं होतं की फिरवू नका, पण तिला कोण विचारतं, तिच्या अंगावर टॅटू आहेत.

तरी एक कान मोकळा आहे, त्यात इयरबड जातो, निम्मा उपदेश तिथल्या तिथे कापला जातो. काल सासूबाईंनी मला उजेडाला बसवलं, चष्मा लावून कान निरखला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एकाच कानात का गं? दुसरा काय सावत्र आहे? करायचंच तर दोन्हीकडे करून घे, शोभेल तरी."