वाघोलीचा मॅट्रिक्स राहिला की!

‘मॅट्रिक्स’ या शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांवरच्या लेखात गणित, पेशी आणि छपाईतले अर्थ आले, पण पुणेकरांच्या दारातला राहिलाच. वाघोलीच्या दगडखाणींतल्या निळ्याशार कॅव्हन्साइट या खनिजासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. हे स्फटिक ज्या खडकावर किंवा पांढऱ्या स्टिल्बाइट या खनिजावर बसलेले असतात, त्याला संग्राहक मॅट्रिक्सच म्हणतात. सुट्या स्फटिकापेक्षा ‘मॅट्रिक्सवरचा’ नमुना बहुधा जास्त भाव खातो!

मूळ लॅटिन अर्थ गर्भाशय. सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये हा शब्द गणितात आणला, तोही त्या आकड्यांच्या मांडणीतून निश्चयक (डिटर्मिनंट, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या संख्या) जन्मतात म्हणून. आणि आपल्या आजोबांची ‘मॅट्रिक’? तीही याच घराण्यातली, फक्त ‘मॅट्रिक्युला’ म्हणजे नोंदवहीमार्गे आलेली. न्यायमूर्ती रानडे १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत मॅट्रिक झाले. त्यांचा उल्लेख लेखात हवाच होता.