शंभरपैकी अठ्ठावन्न

"सर, गाडी एकदम ओके आहे. फक्त तुमचा ड्रायव्हिंग स्कोअर अठ्ठावन्न आहे."

सर्व्हिस सेंटरमधल्या त्या पोराने हे हळू सांगितलं असतं तर मनातल्या मनात त्याला चार शब्द ऐकवून मी विसरूनही गेलो असतो. पण मागे वॉशिंगचा पंप चालू होता, त्यामुळे पोरगं ओरडून बोलत होतं. सोफ्यांवरच्या सगळ्या माना मोबाइलमधून वर आल्या. एका बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढलं. मी गाडीत नव्हतो, मुलगा रस्त्यावर नव्हता, तरी ओढलं.

केस काळे होते तेव्हापासून मी पुण्यात गाडी चालवतोय. गणपतीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर रिव्हर्स घेतलेला माणूस आहे मी. गाडी माझी, हप्ते माझे (अजून चालू आहेत), पेट्रोल माझं, आणि मार्क मात्र ती मला देणार.

"कुणी काढला हा स्कोअर?"

"सिस्टिम काढते, सर. गाडीत सिम आहे ना. तुम्ही ब्रेक कसा मारता, पिकअप कसा घेता, स्पीड किती, सगळं वर जातं." 'वर' म्हणताना त्याने छताकडे बोट केलं. मीही भक्तिभावाने वर पाहिलं. पंखा होता.

"तुमचं हार्श ब्रेकिंग जास्त आहे, सर."

"अरे, परवा सिंहगड रोडला एक बाई डिव्हायडरच्या फटीतून स्कूटर घेऊन समोर आली. मी कचकन ब्रेक मारला म्हणून ती आज घरी आहे. ते कुठे धरलंय का?"

त्याने टॅबवर खरोखर बघितलं. "नाही सर, तो पॅरामीटर नाहीये."

म्हणजे बाई उडवली असती तर ब्रेकचे मार्क शाबूत राहिले असते.

मी सोफ्यावर जाऊन बसलो. शेजारी पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी असे एक काका होते. सत्तरी ओलांडलेली. बँकेतून निवृत्त, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे कीवेने पाहिलं.

"अठ्ठावन्न?"

"हो."

"माझा ब्याण्णव."

मी अभिनंदन केलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण त्यांनी पिशवीतून वही काढली. रुळलेली दोनशे पानी वही. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, स्कोअर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या पेनाने 'कुत्रे', 'पीएमटी', 'सूनबाई' अशा नोंदी होत्या.

"सूनबाई म्हणजे?"

"ती गाडी घेऊन गेली की चार-पाच मार्क जातात. आयटीत आहे. घाईत असते. आता मी तिला रिक्षाने जायला सांगतो. रिक्षाचे पैसे मीच देतो."

"गाडी कुणी घेतलीय?"

"तिनेच. पण ॲप माझ्या फोनवर आहे."

मी विचारलं, ब्याण्णवचं रहस्य काय? काका सरसावून बसले. बहुधा बरेच दिवस कुणी विचारलं नसावं.

"ब्रेक लावायचाच नाही."

"आणि कुणी आडवं आलं तर?"

"येऊ दे की. आपण तिसाने चाललेले असतो. तोच घाबरून थांबतो."

"मागचे हॉर्न मारत असतील."

"मारू देत. हॉर्न त्यांचा, मार्क आपले." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सिग्नल लांबून लाल दिसला की मी तिथूनच पाय काढतो. पार दोनशे मीटरवरून. गाडी आपली घरंगळत घरंगळत जाते. कधीकधी पोहोचेपर्यंत हिरवा होऊन परत लाल होतो."

गेली दोन-तीन वर्षं माझ्यापुढे तिसाने घरंगळणारी एक पांढरी गाडी मी अधूनमधून पाहतोय. तिला ओव्हरटेक करताना मी जो पिकअप घेतो त्याचेच मार्क माझे जात असणार. म्हणजे यांचे ब्याण्णव हे माझ्या अठ्ठावन्नातूनच झालेले आहेत. हे मी त्यांना बोललो नाही. वहीत माझीही नोंद झाली असती.

"पण काका, तुम्ही कुठे जाता, किती वाजता जाता, कुठे थांबता हे सगळं कुणीतरी बघतंय, याचं काही वाटत नाही?"

"मला काय लपवायचंय? मंडई, दवाखाना, दत्तमंदिर. बघू दे की. घरात तरी कोण विचारतं कुठे गेला होतात म्हणून?"

यावर मला काही सुचेना. तेवढ्यात चहा देणारा मुलगा कुपनं भरायला आला. "काका, नाव सांगा."

काका एकदम ताठ झाले. "नाव कशाला रे तुला? चहा दे."

"कुपनवर लिहायला लागतं, काका. आणि मोबाइल नंबर."

"चहाला मोबाइल नंबर? चोर आहात का तुम्ही लोक? नको तुमचा चहा." आणि त्यांनी खरोखर चहा घेतला नाही. घरापासून मंडईपर्यंतचा प्रत्येक खड्डा कंपनीला कळवणारा हा माणूस, पण चहावाल्यापुढे स्वतःचं नाव त्याने झाकून ठेवलं. मी मात्र नाव, नंबर दोन्ही दिलं आणि चहा घेतला. साखर जास्त होती. खरं तर त्या बाबतीत काकांचंच बरोबर होतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सांगितलं होतं की ग्राहकाचा मोबाइल नंबर मिळवण्यासाठी अडून बसू नका. त्यानंतरही नंबर दिल्याशिवाय मला साधी बनियन मिळालेली नाही.

गाडी वेगाने गेली की टुंटुं करते, त्याला माझी अजिबात हरकत नाही. १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. ऐंशीच्या वर गेलात की थांबून थांबून, एकशेवीसच्या वर सतत. एक्स्प्रेसवेवर डोकं उठतं, पण ती टुंटुं गाडीतच राहते. ती बाहेर जाऊन कुणाला सांगत नाही. हा स्कोअर सांगतो, आणि माझी चिडचिड तिथे आहे.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. तिला थंडीत चोक ओढून उठवावं लागायचं आणि चढावर तिचं पाणी उकळायचं. तिचा मेस्त्री नारायण पेठेत बसायचा. आमच्या घरातलं सगळं त्याला माहीत असायचं. सीटखाली सापडलेल्या पावतीवरून वडिलांनी सिगारेट परत सुरू केल्याचं पहिल्यांदा त्याला कळलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला. म्हणजे पूर्वी सगळं गुपित राहायचं असा माझा दावा नाही. पण वडिलांनी त्याच्याकडे जाऊन त्याची कॉलर तरी धरली. आता कॉलर कुठे आहे? सर्व्हर कुठल्या देशात आहे हेसुद्धा त्या टॅबवाल्या पोराला ठाऊक नव्हतं.

मी त्याला म्हटलं, ह्या सगळ्याला मी परवानगी कधी दिली? त्याने दोन बोटांनी स्क्रीन वर सरकवली. "डिलिव्हरीच्या दिवशी, सर. अकरा बावन्नला."

अकरा बावन्नला आम्ही गाडीपुढे नारळ फोडत होतो. चाकांखाली लिंबं होती, बायको बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढत होती, मी पेढ्यांचा बॉक्स धरून फोटोला उभा होतो, आणि माझा फोन सेल्सवाल्याच्या हातात होता, कारण तो म्हणाला होता, "द्या सर, मी ॲप टाकून देतो." टाकून दिलं त्याने. अटींची सगळी पानं त्याच्या अंगठ्याने मान्य केली. मी पेढा भरवला त्याला.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. त्यात लिहिलंय की संमती मुक्त, विशिष्ट, पूर्ण माहिती असलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. कायदा मोडलात तर दंड जास्तीत जास्त २५० कोटींपर्यंत. कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांना खरोखर बांधून ठेवणाऱ्या तरतुदींना तिथून पुढे आणखी अठरा महिन्यांची सवलत. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगून झालंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ न्यायमूर्ती एका बाजूला आणि सेल्सवाल्याचा अंगठा दुसऱ्या बाजूला. अंगठा जिंकला.

मोझिला फाउंडेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडची खासगीपणाची धोरणं तपासली. पंचवीसच्या पंचवीस नापास. त्यातल्या दोघांच्या धोरणात तर चालकाच्या लैंगिक आयुष्याविषयीची माहितीही गोळा करू शकतो असं छापलेलं होतं. माझ्या गाडीत ही माहिती गोळा करायला कुणी बसलं असेल तर त्या बिचाऱ्याला दीड तास नवले पुलाची कोंडी आणि वाटाण्याची उसळ बिघडल्याबद्दलचं संभाषण ऐकावं लागलं असणार.

हसण्यावारी नेतोय, पण हे वाटतं तेवढं गमतीचं नाही. जनरल मोटर्स अमेरिकेतल्या आपल्या चालकांच्या ब्रेकचा आणि वेगाचा हिशेब दलाल कंपन्यांना देत होती, हे २०२४ मध्ये बाहेर आलं. तिथून तो विमा कंपन्यांकडे जात होता, आणि हप्ता का वाढला हे लोकांना कळत नव्हतं. आपल्याकडेही जुलै २०२२ पासून विमा नियामकाने 'जसे चालवाल तसा हप्ता' या प्रकाराला परवानगी दिलेली आहे. आज तो ऐच्छिक आहे. फास्टॅगही सुरुवातीला ऐच्छिकच होता. म्हणजे उद्या सिंहगड रोडच्या त्या बाईला वाचवल्याचे पैसे माझ्याच खिशातून जाणार.

विमा म्हटलं की आठवतं. पॉलिसी संपायला महिना असताना मला फोन यायला लागतात. "सर, तुमची एमएच बारावाली गाडी..." पुढचा अख्खा नंबर, मॉडेल, नो-क्लेम बोनस, सगळं तोंडपाठ. मला स्वतःला गाडीचा नंबर पार्किंगच्या पावतीवर लिहिताना खाली वाकून बघावा लागतो. यांना कुठून मिळतं? आता कुठून ते देव जाणे, पण मार्च २०१९ मध्ये खुद्द सरकारनेच गाड्यांच्या आणि लायसन्सच्या नोंदी घाऊक विकायचं धोरण काढलं होतं. त्याच जुलैत नितीन गडकरींनी राज्यसभेत आकडा सांगितला: ८७ खासगी कंपन्या, ३२ सरकारी संस्था, मिळकत ६५ कोटी. जून २०२० मध्ये धोरण मागे घेतलं. धोरण मागे घेता येतं हो. माहिती कुठून मागे घेणार? ती काय मुलीकडच्यांना परत पाठवायची पत्रिका आहे?

असो. रक्तदाब वाढतो. घड्याळ तेही कुणाला तरी कळवत असणार.

"हा स्कोअर बंद करता येतो का?" मी पोराला विचारलं.

"येतो ना, सर." मला वाटलं नव्हतं. "डेटा शेअरिंग ऑफ करायचं. पण मग रिमोट एसी चालणार नाही. गाडी कुठे लावली ते दिसणार नाही. आणि चोरीला गेली तर..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं. ते त्यांना प्रशिक्षणातच शिकवत असावेत.

"एसीचा आणि माझ्या ब्रेकचा काय संबंध?"

"पॅकेज आहे, सर."

"आणि आधी जे वर गेलंय ते पुसायचं असेल तर?"

"त्याला रिक्वेस्ट टाकावी लागते. ॲपमधूनच. लॉगिन करा, ओटीपी येईल."

म्हणजे आमच्याविषयी काही ठेवू नका असं सांगायला आधी त्यांना आमच्याविषयी सांगायचं. बायकोला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मे महिना आहे. एसी बंद होणार असेल तर काही करू नकोस."

बिल भरलं. किल्ली देताना पोरगं काउंटरच्या अलीकडे आलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोललं. "सर, कंपनीकडून फीडबॅकचा कॉल येईल. प्लीज दहाच द्या. नऊ दिले तरी आमच्याकडे ते फेल धरतात. इन्सेन्टिव्ह कापतात."

"आठ दिले तर?"

"साहेब बोलावून घेतात, सर."

त्यालाही कुणीतरी वरून मार्क देत होतं, आणि त्याचा पास होण्याचा आकडा माझ्यापेक्षा फारच वरचा होता. मला चांगलाच राग यायला हवा होता. थोडा आलाही, पण त्याच्यावर काढण्यासारखा नव्हता.

मागे काका उठून उभे राहिले होते. त्यांची गाडी वॉशिंगहून आली होती आणि आणून लावणाऱ्या मुलाने दारात जोरात ब्रेक मारला होता. "ओ साहेब! तो कुणाच्या खात्यावर जाणार आता?" म्हणत ते वही उघडून बाहेर धावले.

संध्याकाळी कॉल आला. बाईंनी आधी सांगितलं की हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होतोय. मी दहा दिले. पावसाळ्याआधी वायपर बदलायचे आहेत, आणि ते त्या पोराकडूनच करून घ्यायचे आहेत.