पाठ केलेलं स्वमत

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा एक प्रकार असतो. उतारा वाचायचा आणि त्यावर तुम्हाला काय वाटतं ते लिहायचं. कल्पना उत्तमच आहे. पण बाजारातलं कुठलंही गाईड उघडून बघा, स्वमत तिथे तयार छापलेलं असतं. मुलं ते पाठ करतात, क्लासवाले पाठ करून घेतात आणि पेपरात शंभर मुलांचं स्वतःचं मत स्वल्पविरामासकट सारखं येतं. यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही, याचं मला भारी आश्चर्य वाटतं.

आमच्या सोसायटीतली मुलं संध्याकाळी वह्या घेऊन माझ्याकडे येतात. गणित-विज्ञानाच्या नाहीत, त्यासाठी सगळी क्लासला जातात. माझ्याकडे येतो तो उरलेला गाळ: इतिहासाची टीप, कवितेचं रसग्रहण, निबंध आणि अकरावी-बारावीचा पर्यावरणाचा प्रकल्प. आईवडिलांची अपेक्षा सरळ असते. ‘काकू, जरा लिहून द्या ना, व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालेल.’ हल्ली तर तेही लागत नाही. चॅटजीपीटीला विचारलं की पाण्याचं महत्त्व दोन पानांत हजर.

मी लिहून देत नाही. त्यावरून दोन-तीन आया माझ्यावर रुसल्याही आहेत. रुसोत.

मुलांना मी एक निबंध वाचायला देते. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा. मांग समाजातली मुलगी, वय साधारण चौदा, शाळेत जेमतेम तीन वर्षं झालेली. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. म्हणजे एका शाळकरी पोरीचं लेखन! आज आपण ते इतिहासाचं साधन म्हणून वाचतो, मराठी साहित्याच्या चर्चेतही त्याचं नाव घेतो.

तिचा युक्तिवाद बघा. मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे, ब्राह्मणांना वेद आहेत. पण वेद वाचायचा अधिकार फक्त ब्राह्मणांचा, असं ते स्वतःच सांगतात. मग आमचं पुस्तक कुठलं? पुस्तक नाही तर आम्ही धर्मरहितच झालो. तेव्हा देवा, आमचा धर्म कोणता ते तूच आम्हाला कळव. समोरच्याचंच विधान उचलायचं, शेवटापर्यंत ताणायचं आणि त्याच्याच पुढ्यात आणून ठेवायचं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात याहून वेगळं काय शिकवतात?

पुढे ती तर्क सोडून थेट दुःखावर येते. इमारतीच्या पायात माणसं पुरल्याचं लिहिते. डोक्यावर छप्पर नसताना, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांबद्दल लिहिते. बाजीरावाच्या राज्यात काय चालायचं तेही सांगते. (कमेंटमध्ये पेशवाईवरून भांडणार असाल तर आधी निबंध पूर्ण वाचून या.) आणि शेवटी आपल्याच लोकांना बजावते की शिका, ज्ञान हेच तुमच्या रोगावरचं औषध आहे.

हे तिला कुणी लिहून दिलं असतं तर त्यात ते बाळंतपण आलं असतं का? मला नाही वाटत. शहाण्यासुरत्या मोठ्या माणसाने ‘अस्पृश्यतेचे दुष्परिणाम’ लिहिले असते. मुद्देसूद.

या मुलांपाशी सांगण्यासारखं काही नसतं, हा आपला सोयीस्कर समज आहे. बारावीतला एक मुलगा ‘पाणीटंचाई’वरचा प्रकल्प घेऊन आला. जगातलं गोडं पाणी किती टक्के, जलचक्राची आकृती, शेवटी घोषवाक्यं. सगळं स्टेशनरीच्या दुकानातल्या तयार फाईलमधून उतरवलेलं. खाली गेटवर टँकर उभा होता. मी म्हटलं, हा टँकर कुठे भरतो? माहीत नाही. एका टँकरचे किती घेतो? माहीत नाही. तुझ्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत टँकर येतो का? गप्प. मग गेला खाली विचारायला. टँकर शेजारच्या गावातल्या विहिरीवर भरतो, आणि मावशी त्याच गावात राहतात, पण त्यांच्या नळाला एक दिवसाआड पाणी, हे त्याला दोन दिवसांत कळलं. ‘काकू, मग आपण त्यांचं पाणी विकत घेतोय का?’ असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हेच लिही. त्याने लिहिलं. वर्गात त्याला शेरा मिळाला, ‘विषयाला सोडून आहे.’

शिक्षकांवर मी फार चिडत नाही. एकेकाकडे साठ-सत्तर वह्या, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. साचेबद्ध उत्तर तपासायला पटापट होतं, हे मलाही कळतं. पण आपण घरी तर बोर्डाचे परीक्षक नाही ना? आपल्याला कुठे घाई आहे?

मुक्ताचा निबंध नेटवर मिळतो. घरात आठवीच्या पुढचं मूल असेल तर वाचायला द्या. वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ नका विचारू, त्याचं उत्तर गाईडमधलंच येतं. ‘यातलं काय पटलं नाही?’ एवढंच विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.