क्वर्क्स मोड खरंच इतिहासजमा झाला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्वर्क्स मोडवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. (क्वर्क्स मोड म्हणजे जुन्या ब्राउझरच्या खोडींसकट पान दाखवण्याची ब्राउझरची पद्धत; नियमांप्रमाणे दाखवण्याची ती स्टँडर्ड्स मोड.) पहिल्या वाचनात थोडी चिडले, दुसऱ्यात मुद्दे सुटे करून घेतले. तुमचं म्हणणं असं: क्वर्क्स मोडमध्ये चौकटीची पॅडिंग (मजकूर आणि कडेमधली जागा) आणि बॉर्डर (कड) रुंदीच्या आत मोजली जाते हे माझं विधान आजच्या ब्राउझरना लागू नाही, जुना ब्राउझर न चालवता डेव्हलपर टूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांमध्ये) मोड बदलून पाहणं ही चाचणीच नव्हे, आणि ब्राउझर आपोआप अपडेट होत असताना क्वर्क्स मोडवर लिहिणं म्हणजे मढं उकरून काढणं.

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. ते गणित इंटरनेट एक्सप्लोरर ५ चं. पुढे २००१ मध्ये आलेल्या ६ व्या आवृत्तीने स्टँडर्ड्स मोडमध्ये ते सुधारलं आणि क्वर्क्समध्ये तसंच ठेवलं. आजचा क्रोम किंवा फायरफॉक्स क्वर्क्स मोडमध्येही साध्या डिव्हची (पानातल्या साध्या चौकटीची) रुंदी तशी मोजत नाही. इनपुट आणि टेक्स्टएरिया या मजकूर भरायच्या चौकटींपुरती ती जुनी रीत उरली आहे. मी हे तपासून नाही, आठवणीतून लिहिलं होतं. त्या काळात हे गणित इतकं छळायचं, की ते बदललं असेल ही शंकाच आली नाही. मूळ लेखातला परिच्छेद दुरुस्त केला आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर अर्धी सहमती. २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये ‘सातचा मोड’, म्हणजे ७ व्या आवृत्तीसारखं वागण्याचा मोड, होता, पण तो म्हणजे खरा ७ नव्हे. नव्या इंजिनाने वठवलेली जुन्याची भूमिका. शिवाय त्याच्या टूल्समध्ये दोन वेगळे मेनू होते, एक ब्राउझर मोडचा (कोणता ब्राउझर म्हणून वावरायचं) आणि एक डॉक्युमेंट मोडचा (पान कोणत्या रीतीने मांडायचं). नुसता डॉक्युमेंट मोड बदलला तर सर्व्हरकडे जाणारी युजर एजंटची, म्हणजे ब्राउझरच्या नाव-आवृत्तीची, ओळख तीच राहायची. म्हणजे सर्व्हर जुन्या ब्राउझरला वेगळं पान देत असेल, तर ते तुम्हाला दिसणारच नाही. माझ्या लेखात हा फरक यायला हवा होता.

त्याच ब्राउझरची आणखी एक खोड सांगते, कारण तिने माझे पुरते दोन दिवस खाल्ले आहेत. इंट्रानेटवरची (ऑफिसच्या अंतर्गत जाळ्यावरची) पानं तो मुळातच कम्पॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्तीसारखी, उघडायचा. त्यामुळे ऑफिसातल्या चाचणी सर्व्हरवर विस्कटलेलं पान बाहेरच्या डोमेनवर नीटनेटकं. कोड तोच, ब्राउझर तोच, मशीनही तेच. आम्ही सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारा कोड) उलटीपालटी करत बसलो आणि दोष होता पत्त्यात! सर्व्हरकडून पानासोबत एक्स-यूए-कम्पॅटिबल हेडरमध्ये ‘आयई=एज’, म्हणजे ‘सर्वांत नवा मोड वापर’, अशी सूचना पाठवल्यावर मिटलं. तेव्हा मोड बदलून पाहणं निकालापुरतं अपुरं असेल, पण संशय कुठे घ्यायचा हे ते सांगतं, आणि मला ते पुरतं.

तिसरा मुद्दा मात्र अजिबात पटला नाही. क्वर्क्स मोड ब्राउझरच्या वयावर ठरत नाही, तो प्रत्येक डॉक्युमेंटच्या पहिल्या ओळीवर ठरतो. डॉकटाइप (पानाचा प्रकार सांगणारी ती ओळ) नसेल, किंवा त्याच्या आधी सर्व्हरवरच्या पीएचपी कोडची एखादी वॉर्निंग छापली गेली असेल, तर अगदी आज अपडेट झालेला ब्राउझरही निमूटपणे क्वर्क्समध्ये जातो. अपडेटमुळे हे सुटत नाही, कारण हे वर्तन ब्राउझर मुद्दाम जपतात. ते कसं असावं याचं लिखित स्टँडर्डच आहे. इंटरनेट एक्सप्लोररचा डेस्कटॉप अवतार १५ जून २०२२ ला निवृत्त झाला हे खरं, पण एज ब्राउझरमधला त्याचा मोड किमान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. मढ्याच्या मानाने बरीच हालचाल आहे.

माझ्याकडचं अलीकडचं उदाहरण घ्या. एका रिपोर्टच्या पानावर प्रिंटचं बटण होतं. ते दाबलं की विंडो डॉट ओपनने नवी खिडकी उघडायची आणि डॉक्युमेंट डॉट राइटने तिच्यात मजकूर ओतला जायचा. मुख्य पान व्यवस्थित, पण प्रिंटच्या खिडकीत टेबलातली अक्षरं भोवतालच्या मजकुरापेक्षा मोठी. बॉडीला (पानाच्या सगळ्या मजकुराच्या घटकाला) १२ पिक्सेल दिलेले, टेबल १६ वर अडून बसलेलं. फॉन्ट बदलले, कॅशे पुसला, प्रिंटरलाही शिव्या घालून झाल्या. शेवटी त्या खिडकीच्या कन्सोलमध्ये डॉक्युमेंट डॉट कम्पॅटमोड (पान कोणत्या मोडमध्ये आहे ते) विचारलं, तर उत्तर आलं ‘बॅककम्पॅट’, म्हणजे क्वर्क्स. ओतलेल्या मजकुरात डॉकटाइपच नव्हता, आणि क्वर्क्समध्ये टेबल बॉडीचा फॉन्ट साइज घेतच नाही.

डॉकटाइप टाकला, अक्षरं जागेवर आली, आणि बाहेरची चौकट मजकुराएवढी आक्रसली! तिला उंची १०० टक्के दिलेली. पालक घटकांना, म्हणजे तिला सामावणाऱ्या घटकांना, उंची नसताना ते फक्त क्वर्क्समध्येच चालत होतं. म्हणजे कुणीतरी नकळत त्या खोडीवरच इमला उभा केला होता. मग एचटीएमएल आणि बॉडी या दोघांनाही उंची द्यावी लागली.

म्हणून दोन ठिकाणी पान वेगळं दिसलं की सीएसएसला हात लावण्याआधी मी दोन्हीकडे कम्पॅटमोड विचारते. मधला, थोड्याच खोडी जपणारा ‘लिमिटेड क्वर्क्स’ मोड यात पकडला जात नाही. तो आपली ओळख स्टँडर्ड्सचीच सांगतो. एक्सएचटीएमएल १.० ट्रान्झिशनलचा डॉकटाइप असलेल्या पानात टेबलाच्या खणातल्या चित्राखालची फट गायब दिसली, तर तो आठवावा.

राहता राहिली तुमची शेवटची ओळ: माझ्या लेखातल्या दोन स्क्रीनशॉटपैकी एकात झूम ११० टक्के होता. हो, होता. नवा लावला आहे, १०० टक्क्यांवर. क्वर्क्समध्ये टेबलातली अक्षरं अजूनही मोठीच आहेत, पाहून घ्या.