आमचा मेट्रो

शेळीला सड दोन असतात. हा हिशेब ज्यानं केला त्यानं तिला कधीकधी तीन करडं होतात हे धरलंच नव्हतं. तिसऱ्याचं काय करायचं, तो प्रश्न त्यानं परस्पर माझ्या गळ्यात बांधला.

आमचं घर ठाण्यात, घोडबंदर रोडला, ओवळ्यात. एका अंगाला येऊरचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे टॉवर आणि टॉवरांच्या फटीत आमचा गोठा. धंदा म्हशींचा. शेळ्या म्हणजे आईची हौस. डेंग्यूच्या सीझनला मात्र टॉवरमधली माणसं शेळीच्या दुधासाठी किटली घेऊन रांगेत उभी राहतात. त्यानं पेशी वाढतात हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं, डॉक्टर सोडून.

तर या थंडीत आमची काळी उस्मानाबादी व्यायली. पहिली दोन करडं थोड्याच वेळात धडपडत उठली आणि कासेला लागली. तिसरं पडूनच. शेळीनं त्याला एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. "ती नाय याला लावून घ्यायची," आई म्हणाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्क फ्रॉम होम करतो. आमच्या घरात अशा माणसाला रिकामा धरतात.

वडिलांनी तेवढ्यात एक नियम सांगून ठेवला. "जगवायचं तर जगव. पण नाव ठेवायचं नाही. धंद्याच्या जनावरात जीव गुंतवायचा नसतो." एवढं बोलून ते धारा काढायला गेले.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावून झालं. मग आईनं मला करंगळी त्याच्या तोंडात घालायला लावली. आत गार लागलं. तोंड गार असेल तर दूध पाजायचं नाही, आधी ऊब द्यायची; गारठलेल्या पोटाला दूध पचत नाही. म्हणून मी ते ओलसर, चिकट, दीड किलोचं प्रकरण जुन्या गोधडीत गुंडाळून, शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवून मांडीवर घेऊन बसलो. करंगळी मधूनमधून तोंडात. बऱ्याच वेळानं त्यानं ती चोखली. जिभेला बारीक खरखर होती आणि जोर असा की माझं नख दुखलं.

मग चीक. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहा टक्के चीक पोटात जायला हवा, आणि त्यातला पहिला घोट जितका लवकर तितका बरा. रोगाशी लढायची ताकद त्याला तिथूनच मिळते. आई शेळीला धरून पिळत होती, शेळी मला लाथ मारत होती. दहा टक्के कुठली बँक देत नाही, पण ही शेळीसुद्धा सुखासुखी देईना.

बाटली पाजण्याचं एक शास्त्र आहे आणि ते आमच्या आत्याला मान्य नाही. करडू उभं हवं, मान वर ताणलेली हवी. तशी मान करून चोखलं की पोटात एक पन्हळ तयार होते आणि दूध पहिल्या कप्प्यांना वळसा घालून थेट शेवटच्या कप्प्यात उतरतं. आत्या त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजायला बघायची. तसं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं, हे मी तिला समजावलं. "मी तीन पोरं वाढवली," ती म्हणाली. त्या तिघांना चार कप्प्यांचं पोट नव्हतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

सगळे विचारत, "उभं राहिलं का?" मी सांगत होतो, "आज-उद्या राहील." आमच्या दारासमोर मेट्रोचं कामही वर्षानुवर्षं याच उत्तरावर चाललंय. धाकट्या बहिणीनं त्याला मेट्रो म्हणायला सुरुवात केली आणि वडिलांचा नियम तिथेच मोडला.

खरा घोटाळा दुधाचा झाला. शेळीचं दूध त्या दोघांना पुरेना आणि म्हशीचं याला झेपेना. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास फॅट, शेळीच्या दुधात चारच्या आसपास. एवढंसं पोट, लगेच हगवण लागते. म्हणजे गायीचं दूध आलं. मी नाक्यावर जाऊन गायीच्या दुधाची पिशवी मागितली. दुकानदार पिशवी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या घरातलं माणूस दूध विकत घेतंय! संध्याकाळपर्यंत गावठाणात बातमी पसरली की यांनी म्हशी विकल्या, गोठ्याची जागा बिल्डरला दिली, आता टॉवरचं नाव तेवढं ठरायचंय. दोन ब्रोकर येऊन वडिलांना नमस्कारही करून गेले.

रात्री त्याला गोठ्यात ठेवायची सोय नव्हती. येऊर जवळ, बिबट्याला एवढा घास म्हणजे बडीशेप. तो माझ्या खोलीत आला. दिवसातून पाच वेळा बाटली, तीसुद्धा ३९ अंशांवर. जरा गार झाली की निप्पल थुंकून देणार. ऑफिसच्या कॉलवर असताना त्यानं ओरडायला सुरुवात केली. करडाचं ओरडणं हुबेहूब तान्ह्या पोरासारखं असतं. कुणीतरी विचारलं, "घरात बाळ आहे का?" मी हो म्हणालो, कारण नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. अभिनंदनांचा पाऊस पडला. कधी साधी रजा न देणारा मॅनेजर स्वतःहून म्हणाला, आराम कर. मग एचआरच्या लक्षात आलं की माझं लग्न झालेलं नाही, आणि अभिनंदनाचा सूर जरा खाली आला.

माझं मत विचाराल तर अशक्त करडू सांभाळणं सोपं. ते पडून असतं. ताप होतो तो ते बरं झाल्यावर. मेट्रो उभा राहिला तो थेट माझ्या लॅपटॉपवर. हुडीची नाडी, कानाची पाळी, चार्जरची वायर, जे लोंबतं ते सगळं सड आहे अशी त्याची खात्री. दूध उतरावं म्हणून करडं कासेला ढुसण्या देतात. तो माझ्या गुडघ्याला देतो. पंधरवड्यात फणसाचा पाला कुरतडू लागला आणि पेपरातली फ्लॅटच्या जाहिरातींची पुरवणीसुद्धा. ती त्याला पचली, ठाणेकरांत असा तो एकटाच. भावंडांत नेऊन सोडलं तर त्यांच्याकडे परक्या वस्तीत आल्यासारखा बघायचा आणि उंबऱ्याशी येऊन बोंब ठोकायचा. अडीच महिन्यांनी बाटली कमी करायला घेतली तेव्हा तर शेजारच्या सोसायटीचा वॉचमन येऊन विचारून गेला, "पोराला मारता काय?"

वडील या सगळ्यापासून लांबच होते. फक्त सकाळच्या चहातलं बिस्कीट अर्धंच का खातात, याचा उलगडा मला उशिरा झाला.

बकरी ईदच्या आधी व्यापारी आला. बोकड पाहिले, दात पाहिले आणि जाता जाता मेट्रोच्या पाठीवरून हात फिरवला, कंबर दाबून पाहिली. "पुढच्या ईदला चांगला तयार होईल. काय घ्याल?"

"एक लाख वीस हजार," वडील डोळ्याला डोळा न देता म्हणाले.

व्यापाऱ्यानं मेट्रोकडे पाहिलं. मग शांतपणे दावणीवरून नजर फिरवली.

"चाचा," तो म्हणाला, "यात म्हैस कुठली मिळणार?"